सतराव्या लॉटची बरणी

कोकिळा गेल्यावर सहा आठवड्यांनी जर्मनीहून मेल आली, की आमच्या सतराव्या लॉटच्या हळदीत शिसं सापडलं.

मेल प्रेरणाने वाचली. प्रेरणा माझी आणि कोकिळाची मुलगी. पुण्यात एका कंपनीत माल देशोदेशी पाठवायचं काम बघायची. आई गेली तेव्हा रजा घेऊन आली, ती परत गेलीच नाही. तिने मेल आधी मनातल्या मनात वाचली आणि मग मला मराठीत सांगितली. कंटेनर हॅम्बुर्गच्या गोदामात उतरला आहे. त्यांच्या तपासणीत शिसं मर्यादेच्या तिप्पट निघालं. माल बाजूला काढून ठेवला आहे. करारातल्या नवव्या कलमाप्रमाणे तुमच्याकडची सीलबंद बरणी, न उघडता, पंधरा दिवसांत रॉटरडॅमच्या तटस्थ प्रयोगशाळेत पाठवा. तिथला निकाल दोघांनाही मान्य करावा लागेल.

"तुमी घाबरू नका, बाबा," प्रेरणा म्हणाली. "आपल्याकडं आईची बरनी हाये नं. थे पाठवू. आपल्या हळदीत शिसं कुठून येईन?"

मीही तेच म्हणालो.

आमचं काम वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौफुलीपासून जरा आत आहे. मागे घर, पुढे आपिस, बाजूला ओमप्रकाशजींची दळणाची गिरणी. ओमप्रकाशजी हिंगणघाटचे, व्यापारी घरचे, आमचे भागीदार. समुद्रपूर तालुक्यातली एकेचाळीस शेतकरी घरं आम्हाला हळद देतात. हळकुंडं उकडून, वाळवून, घोळून येतात, आम्ही दळतो आणि कंटेनर भरून जर्मनीला पाठवतो. नागपूरहून रेल्वेने मुंबईच्या बंदरात, तिथून जहाजात. आधी महिन्याभरात पोचायचं. लाल समुद्रात भानगड सुरू झाल्यापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात आणि कधी कधी दोन महिने लागतात. जाममधल्या माणसाला तिकडच्या समुद्रात काय चाललं आहे हे कशाला माहीत असावं, पण आम्हाला माहीत असावं लागतं.

प्रत्येक लॉटच्या दोन बरण्या भरायच्या. एक आधी तपासणीला जाते आणि तपासण्यातच संपते. त्या वेळी सतराव्या लॉटमध्ये शिसं निघालं नव्हतं. दुसरी बरणी आमच्या आपिसातल्या लोखंडी कपाटात वर्षभर राहते. मालावरून वाद झाला तर ती बरणी म्हणजे शेवटचा शब्द.

ही बरणी कोकिळा बंद करायची. झाकणावरून दोन्ही बाजूंनी उतरेल अशी कागदाची पट्टी लावायची, तिच्यावर लॉटचा नंबर, तारीख आणि सही. मग पट्टीच्या दोन्ही टोकांवर लाख. लाखेवर ठसा कशाचा, तर तिच्या पितळी कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाचा. त्या झाकणावर आठ पाकळ्यांचं फूल आहे. पहिल्या लॉटला आमच्याकडे शिक्का नव्हता म्हणून तिने देवघरातून करंडा आणला, आणि तेच पुढे चालू राहिलं. हे सगळं ती व्हिडिओ कॉलवर करायची. दुपारी अडीचला, तेव्हा तिकडे सकाळ असते. तिकडच्या बाई अनेलीझ, मालाचा दर्जा बघणाऱ्या. कोकिळा त्यांना अन्नाबाई म्हणायची. कोकिळाला इंग्रजी येत नव्हतं आणि अन्नाबाईंना मराठी. तरी दोघी हसायच्या. बरणी फिरवून दाखवली की अन्नाबाई अंगठा वर करायच्या.

एकदा कोकिळाला ताप होता म्हणून मी म्हणालो, आज मी सही करतो. ती उठून बसली.

"तुमी सही करान तं अन्नाबाई म्हनन, डॉक्टरनं चिठ्ठी लिवली. राहू द्या."

माझं अक्षर खराबच आहे. तिने ताप अंगात घेऊन सही केली. ती 'कोकिळा प्रभाकर' एवढंच लिहायची, आडनाव नाही. 'कोकिळा' सावकाश, ळ मोठा. 'प्रभाकर' भरभर, शेवटचा र कसातरी. मी चिडवायचो, की माझं नाव आलं की तुला घाई होते. ती म्हणायची, "तुमाले काय, तुमी कुठं चालले?"

मेल आली त्या दुपारी मी कपाट उघडलं. चौदा, पंधरा, सोळा नंबरच्या बरण्या ओळीत होत्या. सतराव्या बरणीची जागा रिकामी होती.

मी कपाट रिकामं केलं. फाइली काढल्या, खालचा खण बघितला, टेबलाचे खण बघितले. प्रेरणाने बाहेरून विचारलं, "सापडली का?" मी म्हणालो, "हो, हाये. मी काढतो, तू कुरिअरचं पाह्य." का म्हणालो ते मला सांगता येणार नाही. तिच्या आईच्या कपाटात काही गहाळ झालं हे मला तिला सांगायचं नव्हतं.

मग मी वहिनींकडे गेलो. मनकर्णाबाई, माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, शेजारच्याच घरात राहतात. त्या दारात बसून मेथी निवडत होत्या.

"वहिनी, आपिसातल्या कपाटातली बरनी कोनी काढली? काचेची, लाख लावलेली."

"हळदीची? मीनं काढली."

"काऊन?" मी एकदम ओरडलो. "त्या बरन्यायले हात लावाचा नाई हे माहीत नाई का तुमाले? किती वर्षांपासून सांगत होती थे सगळ्यायले! उद्या कपाटच उचलून न्यान!"

वहिनींच्या हातातली जुडी तशीच राहिली. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, किल्ली तं तुमीच देल्ली."

मला काही समजलं नाही.

"त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "कोकिळाले न्हाऊ घातलं तवा. सवाष्णीले हळद लावा लागते. डब्यातली कशी लावाची? थे सैपाकातली. कोरी पाह्यजे. गिरनीत म्हनलं तं तिथं नुसते हळकुंडं, पूड एक चिमूट नाई. मी तुमाले इचारलं. तुमी खुर्चीवर बसले होते. तुमी खिशातून किल्ली काढली अन् म्हनलं, कपाटात हाये, सगळ्यात चांगली थेच हाये, थे लावा तिले."

"मी म्हनलं असं?"

"मंग? मले काय सपन पडलं का कपाटाचं?"

मला त्या दिवसातलं फार थोडं आठवतं. पंख्याचा आवाज आठवतो. दाराशी चपलांचा ढीग झाला होता आणि कोणीतरी त्या नीट लावत होतं, ते आठवतं. किल्ली आठवत नाही. पण किल्ली माझ्याच खिशात असते, दुसरीकडे कुठे नसते. आणि सतरावा लॉट त्या वर्षाचा सगळ्यात चांगला होता, हेही खरं. म्हणजे मी तसं म्हणालोच असेन.

"बरनी कुठं हाये?" मी विचारलं.

"तिच्यासंगं नेली, तिकडंच राह्यली, नदीवर. थ्या कामाची वस्तू घरी आनतात का?"

मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "काई चुकलं का भाऊजी?" मी म्हणालो, नाही. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशजींना मी गिरणीच्या मागे नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं.

"भाऊ, अब क्या करना हाय?"

"खरं सांगून टाकतो त्यायले."

"काय सांगान? सँपल बायकोच्या अंगाले लावला?" ते म्हणाले. "प्रभाकरभाऊ, मी तुमाले ओळखतो म्हनून माझ्या डोळ्यात पानी आलं. थे ओळखतात का? थे म्हनतीन, माल खराब निघाला तं बरनी गायब, अन् वरून बायको मेली सांगते. त्यायच्याकडं अशा कहान्या दर हप्त्याले येत असतीन."

"मंग बरनी नाई म्हनून सांगू."

"बरनी नाई तं त्यायची तपासनी कायम. माल जाळतीन. अन् मामला तिथंच खतम नाई होत. नाव चढते त्यायच्या यादीत. एकदा चढलं का आपला दर कंटेनर बंदरात खोलतीन, महिना महिना उभा ठेवतीन. कोन घेईन मंग? एकेचाळीस घरं हायेत भाऊ. त्यायनं कपाशी मोडून हळद लावली, तुमच्या बायकोच्या शब्दावर."

मी गिरणीच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

"त्या लॉटची हळद कुठं असंन का?" त्यांनी विचारलं.

ती होती. प्रत्येक लॉट निघाला की कोकिळा एक वाडगा घरच्या डब्यासाठी घ्यायची. जे बाहेर पाठवतो तेच आपण खायचं, असं तिचं होतं. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात सतराव्या लॉटची हळद होती, अर्ध्याहून थोडी कमी. प्रेरणा तीच भाजीत घालत होती.

"मंग बात खतम," ओमप्रकाशजी म्हणाले. "हळद तीच. बरनी तशीच. झूठ कायचं हाय त्यात? नुसतं झाकन लावाचं हाय."

नुसतं झाकण लावायचं होतं हे खरं. पण पट्टीवर सही कोणाची असणार होती, हे ते बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही.

मी आठ दिवस घालवले. या आठ दिवसांत रूपराव दोनदा येऊन गेला. रूपराव म्हणजे आमच्या शेतकऱ्यांतला सगळ्यात जुना, पहिल्या लॉटपासूनचा. त्याला शिशाचं कळलं होतं. तो आपिसाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "भाऊ, मी घरी विहिरीचं पानी बी बदलून पाह्यलं. मायाच वावरातून तं नसंन गेलं काई?" मी म्हणालो, नाही रे बापा. तो म्हणाला, "बाईची बरनी हाये म्हनते प्रेरणा. मंग चिंता नाई." आणि चहा न घेता गेला.

नवव्या दिवशी दुपारी प्रेरणा बँकेच्या कामाला हिंगणघाटला गेली. मी आपिसाचं दार लावून घेतलं.

नवी बरणी धुऊन उन्हात वाळवली होती. स्वयंपाकघरातून डबा आणला. त्यात तिचा लहान चमचा होता, तो काढून ठेवला. हळद ओतताना एक मोहरी दिसली. मग भीती वाटली, म्हणून सगळी हळद परत ताटात काढून तिच्याच बारीक चाळणीने चाळली. अजून दोन मोहऱ्या निघाल्या. बरणी भरली तेव्हा डब्याच्या तळाशी काही उरलं नाही. बोटांनी कडा पुसून घेतल्या.

सोळाव्या लॉटची बरणी समोर ठेवून मी वहीच्या पानावर सही काढायला लागलो. 'कोकिळा' जमेना. ळ जमेना. पान भरलं, दुसरं भरलं. चौथ्या पानावर हात वळला. मग पट्टीवर लिहिलं, लॉट सतरा, जुलैची नऊ तारीख, आणि खाली तिची सही. 'कोकिळा' झाल्यावर मला पुढे माझं नाव लिहायचं होतं, तिच्या अक्षरात. ते तिच्यासारखं भरभर लिहिलं तर माझ्या खऱ्या अक्षरासारखं दिसलं असतं, अशी मला भीती वाटली. म्हणून मी ते सावकाश लिहिलं. एक एक अक्षर.

लाख वितळवली. देवघरातून करंडा आणला. कुंकू होतं तसंच होतं. झाकण लाखेवर दाबलं, उचललं, फूल उमटलं.

वहीची चार पानं मी चुलीत घातली. संध्याकाळी प्रेरणाने बरणी हातात घेतली, सहीवरून अंगठा फिरवला आणि फोटो काढून मेलला जोडला. भाजीत हळद घालायला डबा उघडला तेव्हा विचारलं, "बाबा, हळद कोनी सांडवली का?" मी म्हणालो, माझ्याकडून सांडली. ती म्हणाली, "अजी, सारीच्या सारी?" आणि नव्या हळकुंडांची पूड करून आणली.

नोव्हेंबरात निकाल आला. आमच्या बरणीत शिसं नव्हतं. मग त्यांनी त्यांच्याकडे शोध घेतला. आमच्या आधी त्याच गोदामात दुसरीकडची हळद उतरली होती आणि पोत्यातून नमुना काढायची नळी नीट धुतली नव्हती. त्यांनी माफीचं पत्र पाठवलं, कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या सहीचं. ओमप्रकाशजींनी चौकातून पेढे आणले. रूपरावने कोकिळाच्या फोटोला हार घातला आणि फोटोशीच बोलला, "बाई, वाचवलं तुमी." ओमप्रकाशजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पेढा खाल्ला.

मला वाटलं, इथे संपलं. हळद खरी होती, निकाल खरा होता. कोणाचं नुकसान झालं नव्हतं. रोज सकाळी मी हेच स्वतःला सांगायचो आणि दिवस ढकलायचो.

डिसेंबरात अठरावा लॉट निघाला. बरणीवर मी माझी सही केली, माझ्या अक्षरात. कॉलवर अन्नाबाईंनी बरणी पाहिली, अंगठा वर केला नाही. काहीतरी विचारलं. प्रेरणाने माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांना आई गेल्याचं सांगितलं. तोवर आम्ही त्यांना कळवलंच नव्हतं. सुरुवातीला सुचलं नाही, आणि शिशाचा वाद सुरू झाल्यावर मीच नको म्हणालो होतो. अन्नाबाईंनी तोंडावर हात ठेवला. बराच वेळ पडद्यावर नुसता त्यांचा हात दिसत होता.

जानेवारीच्या शेवटी कुरिअर आलं. लाकडी पेटी, आत भुसा, भुशात ती बरणी. प्रयोगशाळेने पट्टी झाकणाच्या कडेवर कापली होती, पण सही आणि दोन्ही बाजूंची लाख शाबूत होती. थोडी हळदही उरली होती. सोबत अन्नाबाईंचं हाताने लिहिलेलं पत्र होतं. प्रेरणाने मोठ्याने वाचलं. वहिनीही आल्या होत्या. पत्रात होतं, की प्रयोगशाळा अशा बरण्या टाकून देते, पण मी मुद्दाम मागून घेतली, कारण ही कोकिळाने बंद केलेली शेवटची बरणी आहे. ती तुमच्या घरी असायला हवी.

प्रेरणा रडली. आई गेल्यानंतर ती लोकांसमोर पहिल्यांदा रडली. वहिनींनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नाही, पण ती बरणी नदीवर राहिली हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि घरी गेल्या.

त्या आठवड्यात प्रेरणाने नागपूरला जाऊन ती पट्टी काचेत बसवून आणली. लाखेसकट. कोकिळाच्या फोटोशेजारी खिळा ठोकला आणि लावली. रोज सकाळी मी फोटोपुढे दिवा लावतो. आता दिवा दोन्हींपुढे लागायचा. लोक यायचे, आधी फोटोला हात जोडायचे, मग त्या पट्टीला. रूपराव तर पट्टीलाच आधी जोडायचा.

वहिनी यायच्या बंद झाल्या. मी विचारायला गेलो तर म्हणाल्या, "येईन नं. पन त्या काचेपुढं मले काय कराव सुचत नाई. हात जोडले तं खोटं, नाई जोडले तं पोरगी इचारन."

फेब्रुवारीत प्रेरणा लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. तिच्या डोक्यात बरेच दिवस चाललं होतं. आपण दुसऱ्याच्या नावाने पोती भरून देतो, ते लोक पाकिटं करून स्वतःच्या नावाने विकतात. आता अन्नाबाईंची कंपनी तयार आहे, पाकिटं इथेच भरायची, आपल्या नावाने. तीन देशांत जातील. पाकिटावर नाव म्हणून काय असेल, तर आईची सही. तिने पडद्यावर दाखवलं. पिवळं पाकीट, त्यावर 'कोकिळा प्रभाकर', आणि खाली लाखेतलं आठ पाकळ्यांचं फूल.

"सही नोंदवावी लागते, म्हंजे दुसऱ्या कोनाले वापरता येत नाई," ती म्हणाली. "अर्ज भरला. तुमची सही पाह्यजे, की ही सही तिचीच हाये म्हनून."

मी म्हणालो, "दुसरी घे नं. सोळाव्या लॉटची घे. पंधराव्याची हाये."

"ही शेवटची हाये, बाबा."

"सारख्याच तं हायेत सगळ्या."

"नाई," ती म्हणाली. ती उठली, काच खिळ्यावरून काढून आणली आणि सोळावी बरणी तिच्याशेजारी ठेवली. "हे पाहा. सगळ्या बरन्यायवर आईनं 'प्रभाकर' कसं घाईघाईत लिवलं हाये. तुमी चिडवत होते नं तिले? अन् हे पाहा, शेवटच्या वेळी. किती सावकाश लिवलं. एकेक अक्षर. मले पह्यल्यांदा दिसलं तवा मी कोनाले बोलली नाई. तिले काईतरी समजलं होतं बाबा. दीड महिना आधीच समजलं होतं. म्हनून तुमचं नाव असं लिवलं."

मी त्या दोन सह्यांकडे बघत राहिलो. ती माझ्या हातात पेन देत होती.

इतके दिवस मी म्हणत होतो की कोणाचं नुकसान झालं नाही. कोकिळाने माझं नाव आयुष्यात एकदाही असं लिहिलं नव्हतं. ती घाईतच लिहायची, कारण मी कुठे जाणार होतो? आणि आता ते घाईतलं नाव कोणालाच नको होतं. माझ्या मुलीला मी लिहिलेलं हवं होतं.

"थे मी लिवलं," मी म्हणालो.

"काय?"

"ही सही मायी हाये. तुया आईची नाई. मी केली, ऑक्टोबरात. तू हिंगणघाटले गेलती त्या दिवशी."

ती हसली, म्हणजे हसायला लागली आणि थांबली. तिने काच उचलून डोळ्यांजवळ नेली. मग सोळावी बरणी. मग परत काच.

"मंग आईची बरनी कुठं हाये?"

मी सांगितलं. वहिनींनी सांगितलं होतं तसंच. किल्ली मी दिली, आणि काय म्हणालो, तेही. ती त्या दिवशी पुण्याहून दुपारी पोचली होती, तेव्हा आई अंगणात तयार होती.

"तिचे हात पिवळे होते," प्रेरणा म्हणाली. "मी हात धरला तं माया हाताले लागलं. निंगतच नव्हतं. दोन दिवस." मग विचारलं, "थे सतरावा लॉट होता?"

"हो."

तिने काच टेबलावर पालथी ठेवली. मला वाटलं ती ओरडेल. ती उठून स्वयंपाकघरात गेली, भांड्यांचा आवाज आला, मग परत आली.

"अन् डब्यातली हळद सांडली म्हनलं तुमी. मी तवा फरशी पाह्यली होती, बाबा. एक दाग नव्हता. मीनं इचारलं नाई."

"मंग आता?"

"आता काय? त्यायले सांगा लागन."

"प्रेरणा, माल सुटला. निकाल बरोबर होता. हळद तीच होती."

"हळद तीच होती तं सही काऊन केली? जशीच्या तशी पाठवाची होती." तिचा आवाज चढला. "अन्नाबाईनं थे बरनी कचऱ्यातून मागून घेतली बाबा! पत्र लिवलं हातानं! मी काय सांगू तिले, पाकिटावर काय छापू? तुमाले पाह्यजे तं तुमी सांभाळा, मी उद्याच्या गाडीनं पुण्याले जातो."

मी ओमप्रकाशजींना बोलावलं. ते आले, ऐकलं, आणि कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "भाऊ, अठरावा लॉट आत्ता समुद्रात हाय. आफ्रिकेच्या टोकाले. आज सांगान तं थो जहाजातच मरन. आधी तं तुमी गुन्हेगार नव्हते, नुसती बरनी नव्हती. आता बरनी बी हाय, सही बी हाय, निकाल बी हाय. आता कोन ऐकन?" प्रेरणाकडे वळून म्हणाले, "बेटी, पाकिटावर सोळाव्याची सही छाप. काम होऊन जाते. कोनाचं काई बिघडत नाई."

प्रेरणा म्हणाली, "काका, बाबा बी चार महिने हेच म्हनून राह्यले. पाहा त्यायच्याकडं."

ओमप्रकाशजींनी माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं माहीत नाही. ते उठले, म्हणाले, "मले इचारून नका पाठवू, अन् पाठवली तं सांगू बी नका," आणि गिरणीत गेले.

मेल मी मराठीत सांगितली, प्रेरणाने इंग्रजीत लिहिली. दोनदा तिने मला थांबवलं. मी म्हणालो होतो, की आमच्याकडे अशी पद्धत आहे. ती म्हणाली, पद्धतीवर ढकलू नका, किल्ली कोनी दिली ते सांगा. मग मी सांगितलं. हळद कुठून घेतली, कशी चाळली, मोहऱ्या किती निघाल्या. सही कोणाची. करंडा तिचाच होता, एवढं मात्र खरं. आणि शेवटी, की शेतकऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, शिक्षा करायची तर त्यांची हळद सोडून करा.

पडद्यावरचा बाण पाठवायच्या खुणेवर होता. प्रेरणाने विचारलं, "पाठवू?"

मी म्हणालो, "पाठव."

त्या दिवशी जेवायच्या आधी तिने परत आलेल्या बरणीतली उरलेली हळद स्वयंपाकघरातल्या डब्यात ओतली. वरणात तीच घातली. आम्ही जेवलो. वहिनीही जेवायला होत्या, प्रेरणाच जाऊन घेऊन आली होती.

आज पाचवा दिवस आहे. उत्तर आलेलं नाही. रोज दुपारी अडीचला आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसतो. प्रेरणा पुण्याला गेली नाही, राहणार आहे असंही म्हणाली नाही. तिची बॅग दाराजवळच आहे. रूपराव सकाळी आला, भिंतीवर नुसता खिळा पाहून म्हणाला, "बाईची सही कुठं गेली?" मी त्याला बसवलं आणि सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मंग आता आमच्या हळदीचं?" मी म्हणालो, मला माहीत नाही. तो पायरीवर बसून आहे. मी हे लिहितो आहे तेव्हाही बसलेला आहे. अडीच वाजायला दहा मिनिटं कमी आहेत.